वाघमारे मामांचा मुखेडचा गोल

रोज सकाळी दहाच्या सुमाराला माझ्या मोबाइलमध्ये एसटी स्टँड भरतं. आधी घसा खाकरल्याचा आवाज येतो, मग नखानं टकटक, माइक चालू आहे की नाही ते बघितल्यासारखी. आणि मग सुरू होतं: "लक्ष द्या, लक्ष द्या. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि करडईच्या तेलातली मटकीची उसळ बारा वाजता लागेल. मुगाचं धिरडं अर्धा तास उशिरानं धावत आहे. प्रवाशांनी बाहेर भजी खाऊन पोट भरून घेऊ नये. धन्यवाद."

हे आमचे वाघमारे मामा. ज्याचा ज्याचा नंबर त्यांच्याकडे आहे, त्या प्रत्येकाला हा आवाज रोज जातो. त्यात गॅसवाला आहे, दाताचे डॉक्टर आहेत, माझ्या सासूबाई आहेत. लातूरची माझी बहीण एकदा चुकून त्या यादीत गेली. ती नांदेडला वर्षातून एकदा येते, पण रोज फोनवर मला विचारते, "काय गं, आज धिरडं वेळेवर आहे का?"

मामा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. नांदेडच्या स्टँडवर काचेच्या केबिनमध्ये बसून त्यांनी उभा जन्म गाड्या लावल्या आणि सोडल्या. रिटायर झाल्यावर माणसं प्लॉट घेतात, गुडघे दाखवायला जातात, फार तर नातवंडं सांभाळतात. मामांनी हॉटेल काढलं. तेही असं, की जिथं तळण नाही, तर्री नाही, मैदा नाही आणि चहात साखर मागितली तर मालक आधी तुमचं वय विचारतो. नांदेडच्या माणसाला तर्रीशिवाय जेवायला बसवायचं म्हणजे काय, हे नांदेडच्या माणसालाच कळेल. नाव ठेवलं 'कंट्रोल भोजनालय'. बीपी कंट्रोल, शुगर कंट्रोल, आणि स्वतः रिटायर्ड कंट्रोलर. पण आमच्याकडे रेशनच्या दुकानालाही कंट्रोलच म्हणतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात माणसं रेशन कार्ड आणि रिकाम्या पिशव्या घेऊन आली. मामांनी त्यांना परत पाठवलं नाही. पिशव्या बाजूला ठेवायला लावून भाकरी खाऊ घातली.

या भोजनालयाला लागून माझं दुकान. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्म. मी मूळची लातूरची. पाणी जपून वापरायची सवय आम्हाला लहानपणापासून आहे, तोंड जपून वापरायची नाही. त्यामुळे मामांचं आणि माझं पहिल्या दिवसापासून जमलं. म्हणजे रोज भांडण व्हायचं.

एक दिवस मामा माझ्या काउंटरवर येऊन उभे राहिले. चेहरा पडलेला. मामी गेल्यापासून मामा एकटेच असतात आणि त्यांची मुलगी पुण्याला असते. तिचा फोन आला होता. दिवाळीपर्यंत टेबलं भरली तर ठीक, नाहीतर कुलूप लावायचं आणि पुण्याला यायचं, असं तिनं बजावलं होतं. पोरीचंही चूक नव्हतं. म्हातारा बाप रिकाम्या हॉटेलात एकटा बसून असतो, हे कोणत्या लेकीला बघवेल?

"ताई," मामा म्हणाले, "गिऱ्हाईक आजकाल मोबाइलमदी ऱ्हातंय म्हनत्यात. मला मोबाइलमदी घाला."

तर मी त्यांना मोबाइलमध्ये घातलं. हा माझा आयुष्यातला सर्वांत मोठा उपद्व्याप.

सुरुवात नकाशापासून झाली. हॉटेल नकाशावर टाकलं, पण खूण पडली रस्त्यापलीकडच्या टायरच्या दुकानावर. मी म्हटलं, दुरुस्त करते, एक-दोन दिवस लागतील. मामांना ते पटेना. छापलेलं वेळापत्रक चुकत नसतं, गाडी चुकते, या विश्वासावर त्यांची नोकरी झालेली. "नकाशा बरोबर आसंल ताई, आपुनच चुकीच्या जागी हाव," असं म्हणून ते दुपारी बाराला शिट्टी घेऊन टायरच्या दुकानासमोर उभे राहायला लागले. कोणी मोबाइलकडे आणि टायरकडे आळीपाळीनं बघताना दिसला, की शिट्टी मारून त्याला रस्ता पार करवून आणायचे. मधल्या काळात टायरवाल्याचीही दोन-तीन माणसं त्यांनी जेवायला बसवली. त्यांचे पंक्चर तसेच राहिले.

मग ते काळ्या-पांढऱ्या चौकोनांचं चित्र, मोबाइल धरला की त्यात जेवणाची यादी दिसते ते. मी छान छापून दिलं. मामांना वाटलं, एवढंसं कोणाला दिसणार. त्यांनी गाड्यांवर पाट्या रंगवणारा ओळखीचा पेंटर बोलावला आणि तेच चित्र पुऱ्या भिंतीवर काढून घेतलं. पेंटर कलावंत माणूस. त्याला मध्येमध्ये रिकामे चौकोन दिसले, ते काही बरं दिसेना, म्हणून त्यानं भरून टाकले. कडेनं वेल काढली. आता त्या भिंतीसमोर मोबाइल धरला तर काहीच उघडत नाही, पण लग्नाचे फोटो काढायला जोडपी येतात. मामा त्यांना ताक पाजतात.

सगळ्यात जास्त जीव त्यांनी लावला तो लोकांच्या अभिप्रायांवर. नेटवर कोणी हॉटेलबद्दल काही लिहिलं, की मामा चष्मा लावून बसायचे आणि चौकशी खिडकीवर बसल्यासारखं उत्तर द्यायचे. कुणी लिहिलं, 'भाजीत मीठ कमी.' उत्तर: 'सूचनेची नोंद घेतली. मीठ जाणीवपूर्वक कमी आहे. आपला बीपी कळवावा.' कुणी लिहिलं, 'पापड मिळाला नाही.' उत्तर: 'तळण या मार्गावरून कायमचे रद्द करण्यात आले आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर.' एकदा पिठल्यात गाठी झाल्या, तर संध्याकाळी मामांनी स्वतःच्याच हॉटेलला स्वतःच्याच नावानं एक तारा दिला. खाली लिहिलं, 'पिठल्यात गाठी. जबाबदार: मालक.' मी कपाळाला हात लावला. मामा म्हणाले, "खोटं बोलून प्रवासी टिकत न्हाई, ताई."

व्हिडिओचं तर विचारूच नका. मोबाइल समोर धरला की मामा सावधान उभे राहायचे. हसा म्हटलं तर म्हणायचे, "ड्युटीवर हसत न्हाईत." हातात भाकरी, चेहरा परेडचा, आणि आवाज तोच स्टँडचा. स्वयंपाक करणाऱ्या गयाबाई मागं उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसायच्या. व्हिडिओत मामांपेक्षा गयाबाईच जास्त पसंत पडायच्या लोकांना.

एवढं करूनही टेबलं भरेनात. दिवाळी जवळ येत चालली. शेवटी मी म्हटलं, मामा, आता पैसे भरून जाहिरात करू. यात एक सोय असते. जाहिरात कुणाला दाखवायची ते ठरवायला नकाशावर एक गोल काढायचा. गोलाच्या आत जे लोक आहेत, त्यांच्या मोबाइलमध्ये आपला व्हिडिओ पुन्हापुन्हा येत राहतो. मी मन लावून गोल काढला. नांदेडची कॉलेजं, ऑफिसं, सकाळी फिरायला जाणाऱ्यांचे रस्ते, दवाखान्यांची गल्ली, सगळं आत घेतलं. कसं करायचं ते मामांनाही शिकवलं. ते फार लक्ष देऊन शिकले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आठवडा गेला. नवीन गिऱ्हाईक एकही नाही. मी उघडून बघते तर गोल नांदेडवर नाहीच. सरकत सरकत पार मुखेडवर जाऊन बसलेला! मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचं बोट लागलं असेल. उचलून परत नांदेडवर ठेवला. दोन दिवसांनी बघितलं, तर पुन्हा मुखेड. परत आणला. पुन्हा मुखेड. बरं, मुखेड काही शेजारचं गाव नाही. एसटीनं यायचं म्हटलं तर अर्धी सकाळ जाते. भाकरी खायला तिथून कोण येणार? तिथल्या लोकांनाही तोच प्रश्न पडलेला. व्हिडिओखाली एकानं लिहिलं होतं, 'मामा, आमच्या घरी काय भाकर जळून राहिली का?' दुसऱ्यानं लिहिलं, 'आठवडी बाजारात या की टोपलं घेऊन.' आणि मामा प्रत्येकाला दिलगिरी कळवत बसलेले.

माझा पारा चढला. दुपारची वेळ होती. भोजनालयात गयाबाई अंबाडी निवडत बसल्या होत्या, बाकी सगळी टेबलं मोकळी. मी तरातरा आत गेले आणि उभ्या उभ्या सुरू झाले. म्हटलं, मामा, दिवाळी तोंडावर आली. तुमची लेक येऊन कुलूप लावेल. मी इथं माझी कामं सोडून तुमच्यासाठी जीव काढतेय, आणि तुम्ही मुखेडला जाहिरात दाखवून राहिलात! कामून? मुखेडमध्ये आहे तरी कोण?

मामांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं तो पुसला.

"माझा भाऊ हाय," ते म्हणाले.

थोरला भाऊ. मामा त्यांना दादा म्हणतात. दादांच्या मुलाचं लग्न होतं तेव्हाची गोष्ट. माइकवर बोलायचं म्हटल्यावर घरात दुसरा कोण? दादांनी अभिमानानं माइक धाकट्याच्या हाती दिला. त्रिशरण-पंचशील झालं, लग्न लागलं, पंगती बसल्या.

"म्या बघितलं तर दादा जिलेबीच्या परातीपाशी," मामा सांगत होते. "त्याची शुगर तवा लई वाढलेली. घरात कुनाचं ऐकायचा न्हाई. मला ऱ्हावलं न्हाई, ताई. माइक हातातच व्हता. म्या म्हनलं, लक्ष द्या, लक्ष द्या, नवरदेवाच्या वडिलांस्नी कुनी जिलेबी वाढू नये, त्यांची शुगर वाढलेली हाय. समदा मांडव हसला. व्याहीबी हसले. दादा उठला, हात धुतला आन् मांडवाच्या भायेर गेला. तवापासून बोलत न्हाई."

मला खरं तर हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"मंग शुगरपायी त्याच्या पायाचं बोट काढलं," मामा म्हणाले. "मला कुनी सांगितलं न्हाई. मुखेडच्या गाडीचा कंडक्टर आला सही करायला, त्यो बोलला. म्या ड्युटीवर व्हतो. तेवढ्यात कंधारची गाडी लागली. म्या माइक घेतला आन् कंधारची गाडी पुकारली. काय करनार?"

मी विचारलं, फोन का नाही केला? तर नंबर कधीच ब्लॉक झालेला. घरी जाऊन आले, तर आतून कडी. वहिनी खिडकीतून म्हणाल्या, भाऊजी, सध्या जावा, यांचा राग तुम्हाला माहीतच हाय. आणि जाता जाता एक गोष्ट सांगितली, की पाय असा झाल्यापासून हे कुठं जात नाहीत, दिवसभर मोबाइलमध्ये व्हिडिओ बघून राहतात.

"म्हणून हा गोल?" मी विचारलं.

"हॉटेलच त्याच्यासाठी काढलं, ताई. आता तरी त्यानं नीट खावं. माझ्या हातचं खानार न्हाई, ठाव हाय. पन हॉटेलात तर कुनीबी येऊ शकतंय की. त्यात काय कमीपना न्हाई. आता पोरगी म्हनती, बंद करा, पुन्याला चला. आन् मी गेलो, आन् नेमका त्याच दिवशी दादा आला तर? कुलूप बघून माघारी जाईल. परत न्हाई यायचा."

मला रडू आलं, आणि रागही आला. एवढ्या दिवसांत हा माणूस जगातल्या सगळ्यांना मीठ किती खावं ते सांगत होता आणि एक साधी गोष्ट पोटात घेऊन बसला होता. मी म्हटलं, "मामा, तुम्हाला दादांना काय सांगायचंय?"

"येऊन जेव म्हनून."

"मग तसं कुठं म्हणताय? तुम्ही तर रोज मुखेडच्या लोकांना उसळ किती वाजता लागणार ते सांगताय. ज्या आवाजानं त्यांना मांडवातून उठवलं, तोच आवाज रोज त्यांच्या कानावर घालताय!"

हे मामांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्याच दिवशी आम्ही नवीन व्हिडिओ करायला बसलो. मी विचारलं, दादांना लहानपणी काय आवडायचं? मामा म्हणाले, कण्या. ज्वारी जाडसर भरडायची, शिजवायची आणि वर ताक. गयाबाईंनी चटकन कण्या रटरटत ठेवल्या. मी मोबाइल धरला. मामा सावधान झाले. "लक्ष द्या..." मी म्हटलं, नाही. पुन्हा धरला. "सूचित करण्यात येते की..." मी म्हटलं, अजिबात नाही. मामांना घाम फुटला. एवढी वर्षं लोकांशी बोलले, पण ते सगळं काचेआडून. समोरच्या माणसाशी मोबाइलमधून साधं कसं बोलावं, ते त्यांना येईना.

शेवटी गयाबाईच ओरडल्या, "मामा, त्या मोबाइलकडं बघूच नका. हे धरा, कण्या ढवळा. खाली लागून राहिल्यात."

मामा पातेल्यात बघून ढवळायला लागले. मी मोबाइल तसाच धरला. थोड्या वेळानं ते पातेल्याशीच बोलायला लागले.

"आई चुलीवर अशाच करायची. घरात दोघं भाऊ आमी. दादा त्याच्या ताटलीतल्या मला द्यायचा, म्हनायचा, माझं पोट भरलंय. त्याचं पोट कदीच भरलेलं नसायचं. मला तवा कळायचं न्हाई." ढवळणं चालूच. "शुगर घरात सांगायची आसती, मांडवात न्हाई. माझं चुकलं, दादा. कण्या केल्यात. ये."

एवढंच. मी त्यात गाणं घातलं नाही, काही लिहिलं नाही. दोन गोल काढले, एक नांदेडवर, एक मुखेडवर. मुखेडचा या खेपेला माझ्याच हातानं काढला.

नांदेडात तो व्हिडिओ एवढा का फिरला, मला सांगता येणार नाही. मी धंदा म्हणून खूप गोष्टी शिकले होते, किती वाजता टाकावं, सुरुवातीला काय दाखवावं, त्यातलं काहीच यात नव्हतं. पण माणसं आली. होस्टेलची पोरं आली, शाळेतल्या बाई डबा न आणता आल्या, बीपीच्या गोळ्या खाणारे आले आणि त्यांच्यासोबत अजून गोळ्या सुरू न झालेले त्यांचे मुलगेही आले. एक गृहस्थ तर आपल्या भावाला घेऊन आले आणि दोघं एका ताटात जेवले. सगळ्यांना कण्या हव्या. गयाबाईंना मदतीला अजून एक बाई घ्यावी लागली. मामांच्या लेकीचा मला पुण्याहून फोन आला. काकांची आणि बाबांची अढी तिला ठाऊक होती, पण हॉटेलचं कारण तिला कधी कळलंच नव्हतं. मग म्हणाली, "दिवाळीला बाबांना इकडं आणत नाही. आम्हीच तिकडं येतो."

मुखेडहून मात्र काही हालचाल नव्हती. मामा सकाळी पुकारा करायचे, दुपारी वाढायचे, लोकांशी चेष्टा करायचे. पण बाहेर रिक्षा थांबली की त्यांची मान वळायची. मी बघायचे आणि काही बोलायचे नाही. न बोलण्याचा माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा पल्ला.

दिवाळीच्या आधी, भर दुपारी, गर्दी असताना एक रिक्षा थांबली. आधी एक बाई उतरल्या, हातात कापडी पिशवी. मग काठी, मग एक जाड तळव्याची चप्पल, मग उंच, वाळलेले एक आजोबा. नाक मामांचंच. मी दुकानातून उठून बाहेर आले. आजोबांनी बोर्डाकडे बघितलं, आत बघितलं आणि उंबऱ्यावर थांबले.

मामा एका गिऱ्हाइकाला दुसरी भाकरी नाकारत होते. वर बघितलं आणि हातातली भाकरी हातातच राहिली.

"मोबाइल उघडला की तुझं थोबाड," दादा म्हणाले. "सकाळी तू, दुपारी तू. मी न्हाई उघडला तर शेजारचा येऊन दाखवतो, बघा तुमचा भाऊ आलाय. किती दिवस सोसावं मानसानं?"

"मुखेडवर गोल काढला व्हता," मामा कसेबसे म्हणाले.

"कसला गोल?"

"काय न्हाई. बस."

दादा बसले. वहिनी शेजारी बसल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या. गयाबाईंनी वाटीभर कण्या आणून ठेवल्या. वर ताक. दादांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मामा समोर उभे, हात बांधून, कुणी रागावलेल्या पोरासारखे. त्या दोघांकडे बघायचं नाही असं ठरवून सगळी गिऱ्हाइकं आपापल्या ताटात बघत होती, आणि माझ्यासकट सगळ्यांचे कान तिकडंच.

वाटी रिकामी झाली. दादांनी तोंड पुसलं.

"घट्ट झाल्यात," ते म्हणाले. "आई पातळ करायची."

ज्याच्या आवाजानं अख्खं स्टँड हलायचं, तो माणूस हळूच म्हणाला, "उद्या पातळ करतो, दादा."

दादांनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे बघितलं. पिशवी चांगलीच भरलेली होती.

"मंग आज ऱ्हावं लागंल," दादा म्हणाले आणि वाटी पुन्हा पुढं केली.